आठ पटाश्या

आमच्या गावात मागून आणलेलं हत्यार भोथरं परत देत नाहीत. शेजाऱ्याची कुऱ्हाड आणून चारच फांद्या तोडल्या असल्या तरी आधी दगडावर तिला धार लावायची आणि मगच त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. हे कुणी शिकवत नाही, घरात बघून येतं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, दोन्ही पायांत दगड दाबून धरायचे आणि मी वरून तांब्याने पाणी सोडायचे. आठवीत गेल्यावर दगड माझ्या पायात आला. कोयता, कुऱ्हाड, खुरपं, घरात काहीही भोथरं झालं की ते माझ्याकडे यायचं. या सवयीपायी माझं एक अख्खं सत्र जाता जाता राहिलं.

मी रेणापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, दहावीपर्यंत रेणापूरला, अकरावी-बारावी लातूरला केली. चित्रकलेच्या सरांनी दोन्ही ग्रेड परीक्षा द्यायला लावल्या आणि बारावीनंतर त्यांनीच नांदेडच्या डिझाइन कॉलेजचा फॉर्म भरून घेतला. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. डिझाइन म्हणजे काय हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. मावशीने विचारलं, "म्हंजे तुला आता ब्लाऊजचं माप घेता येईल का?" मी नाही म्हटलं तेव्हा ती आईकडे बघून म्हणाली, "मग कशाला धाडून राहिलीस गं हिला एवढ्या लांब?"

चुलते तर जाहीरच बोलले होते. आमची शेती एकत्र आहे आणि त्यांचा शब्द घरात चालतो. ते म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. पण एकदा जरी नापास झाली तर सामान बांधून घरी. मी स्वतः आणायला येईन." हे ते रागाने बोलले नव्हते, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटायची. रागात बोललेलं माणूस विसरतो.

कॉलेजच्या मागच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड होती. तीच आमची कार्यशाळा. एका अंगाला लाकूडकाम, दुसऱ्या अंगाला लोखंडाचं काम आणि काचेच्या खोलीत लेझरने कापणारं मशीन. सगळ्या वर्षांच्या मुलामुलींनी मिळून वापरायची. प्रत्येकाला एक कार्ड होतं. जे काम नीट करून दाखवलं त्याचा शिक्का कार्डावर बसायचा आणि शिक्का असेल तेवढ्याच यंत्राला, तेवढ्याच हत्याराला हात लावता यायचा. लाकडाच्या बाजूला एक भिंत होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली आणि त्या आकृतीवरच ते हत्यार टांगलेलं. काय जागेवर नाही ते दारातूनच दिसायचं.

पहिल्या दिवशी मी चप्पल घालून गेले तर आत घेतलं नाही. बूट लागतात म्हणाले. बूट माझ्याकडे नव्हते. तेव्हा कपाटातून कार्यशाळेचेच एक जोडी बूट काढून दिले, दोन बोटं मोठे. पुढे कापडाचे बोळे कोंबून मी ते सहा महिने वापरले आणि मला कुणी काही म्हणालं नाही. पुण्याहून आलेल्या मुलीला जो रंधा मिळायचा तोच मलाही मिळायचा. कुणाची मुलगी, कुठल्या शाळेतली, हे त्या भिंतीसमोर कुणी विचारत नव्हतं. या गोष्टीचे उपकार मी अजून मानते.

कार्यशाळा सांभाळणारे मिस्त्री देगलूरचे. पिढीजात सुतार. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलायचे आणि चिडले की पूर्ण तेलुगू. मुलींना ते अम्मा म्हणायचे, शिव्या देतानासुद्धा.

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने एक वस्तू स्वतः घडवायची होती. मी जमिनीवर बसून लिहायचं छोटं मेज घेतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही सतरंजीवर बसून मांडीवर वही घेऊन लिहायचो, त्याने पाठीला येणारा बाक मला ठाऊक होता. मेज असं हवं होतं की एकात एक बसून कोपऱ्यात रचता येईल आणि त्यात एकही खिळा नसेल. सगळे जोड लाकडाचेच. एका फळीत खाच आणि दुसऱ्या फळीची जीभ तिच्यात घट्ट बसलेली. मग गावातला सुतारही तसं करू शकेल. अशी तीन करायची ठरली. नियम साधा होता. वस्तू कार्यशाळेत, स्वतःच्या हाताने झाली पाहिजे. शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन बघणार. नापास झालं तर सत्र पुन्हा.

खाच पाडायला पटाशी लागते, म्हणजे सुताराची सरळ पात्याची छिन्नी. भिंतीवर आठ पटाश्या होत्या, बोटाएवढ्या अरुंद ते तीन बोटं रुंद. पटाशी चालवायचा शिक्का माझ्या कार्डावर होता, धार लावायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी मी सरावाला म्हणून एक खाच पाडायला घेतली तर पटाशी लाकडात शिरेना. दुसरी घेतली, तीही तशीच. एवढी मुलं वापरतात, कुणालाच यांना धार लावावीशी वाटत नाही याचं मला नवल वाटलं, थोडा रागही आला. मामा त्या दिवशी देगलूरला गेले होते. मागच्या नळाजवळ माळीकाकांचा मोठा दगड पडलेला होता. मी आठही पटाश्या काढल्या, दगड पायात धरला आणि बसले. तीन तास. कुऱ्हाडीला लावतात तशी प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी धार लावली. कागदावर घासून पाहिलं, कागद चरकन फाटला. पुसून, तेलाचा हात फिरवून एकेक आपापल्या आकृतीवर टांगली. खोलीवर परत जाताना मला इतकं बरं वाटत होतं की वाटेत मी स्वतःला उसाचा रस पाजला.

सोमवारी सकाळी गेले तर आठही पटाश्या मधल्या टेबलावर ओळीने मांडलेल्या. मामा कमरेवर हात ठेवून उभे. भोवती वीसेक मुलं.

"हे कुणी केलं?" मामांनी विचारलं.

मी पुढे झाले. खरं सांगायचं तर मला शाबासकीच अपेक्षित होती. "मी केलं, मामा. शनिवारी."

"तू?"

"हाव. लई भोथऱ्या झाल्या होत्या. आठही लावल्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझी खोलीतली मैत्रीण निलंग्याची, तिच्या घरी ऊस. ती मागून म्हणाली, "अगं, लाकूड कोरायचं होतं का ऊस तोडायचा होता?" मग सगळेच हसले. शेवटच्या वर्षातला एक मुलगा मात्र हसला नाही. त्याच्या हातात एका ड्रॉवरची फळी होती. "सकाळी ह्यातल्या एका पटाशीनं खाच पाडली," तो म्हणाला. "बघ. सगळी तिरपी. वाटोळं झालं माझ्या ड्रॉवरचं."

मामांनी एक पटाशी उचलली आणि तिची मागची बाजू काचेच्या तुकड्यावर ठेवली. बोटाने टोक दाबलं तर पटाशी झोक्यासारखी हलली. पात्याच्या टोकाखालून पलीकडचा उजेड दिसत होता.

"अय्यो अम्मा," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कुऱ्हाड दोन्हीकडून खाती. पटाशी एकीकडूनच खाती. दुसरी बाजू सपाट पायजे, आरशावानी. ती सपाट बाजू लाकडाला टेकवली की पटाशी सरळ खाली जाती. तू ती बाजूच गोल करून ठेवली. आता ही कुठं जाईल ते तिलाबी कळत न्हाई."

मी हात पाठीमागे घेतले.

"मला वाटलं..." मी म्हटलं.

"चांगलंच वाटलं असंल. वाईट कुणाला वाटतंय?" मामांनी हात पुढे केला. "कार्ड दे."

कार्यशाळेत रीत होती. सामाईक हत्यार ज्याने बिघडवलं त्यानेच ते पहिल्यासारखं करायचं आणि होईपर्यंत कार्ड मामांच्या ड्रॉवरमध्ये. नव्या पटाश्या मागवायच्या तर अर्ज, मंजुरी, खरेदी यात दोन महिने जाणार होते. परीक्षक सहा आठवड्यांनी येणार होते.

काम असं होतं. जाड काचेवर खरखरीत घासकागद चिकटवायचा, वर पाणी शिंपडायचं आणि पटाशीची पाठ त्यावर दाबून पुढेमागे घासायची. टोकाकडचा जेवढा भाग मी गोल केला होता तेवढं पोलाद झिजेपर्यंत. दिसायला सोपं. मामांनी मार्करने पाठीवर काळी शाई फासली आणि म्हणाले, "घास. शाई जिथं राहील तिथं खड्डा. सगळी शाई एका टायमाला गेली की समज सपाट झाली." मी दोन तास घासलं. शाई मधे गेली, टोकाला तशीच. दुसऱ्या दिवशी जोर लावून घासलं तर हात वर-खाली होऊन कडा आणखी गोल झाली. मामा येऊन उभे राहिले.

"जोर कमी कर. घाई करशील तर उद्या पुना हेच."

"मामा, मशीनवर झिजवून देता का? टोक तेवढं."

"कार्ड कुठाय तुझं?"

पहिल्या पटाशीला चार दिवस गेले. बोटांची टोकं सोलवटून निघाली, त्यांना चिकटपट्टी लावून घासत होते. रोज शेवटच्या तासानंतर पाचपर्यंत आणि शनिवारी दिवसभर. बाकीची मुलं आपल्या वस्तूंवर काम करत होती. माझ्या मैत्रिणीचा दिवा आकार घेत होता. मी काचेसमोर उभी राहून आठ पटाश्या गुणिले चार दिवस, मग मेजाला किती उरले, असं गणित मनात करत होते आणि ते काही जमत नव्हतं.

रविवारी आप्पांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"धार लावून दिली म्हणून कोण भांडतंय?" ते म्हणाले.

"आप्पा, पटाशीला एकाच बाजूनं धार असती."

"एकाच?" ते थांबले. मग हसायला लागले. "अगं, म्हणून तर! आपला सुतार कुऱ्हाड देतो, करवत देतो. पटाशी मागितली की म्हणतो, बायको माग पण ही मागू नको."

"मग मला सांगायचं की."

"मला कुठं ठाऊक होतं? माझ्याबी हातात कधी आली न्हाई ती."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार केला. गावात प्रत्येक हत्याराला मालक असतो. मालक आपल्या हत्याराला जपतो आणि जे बिघडेल असं वाटतं ते देतच नाही. म्हणून आपण फक्त दणकट हत्यारं मागून आणायला शिकतो. इथे सुताराची जीव की प्राण असलेली वस्तू भिंतीवर टांगलेली होती, शंभर जणांसाठी. नाही म्हणायला मालक नव्हता. म्हणजे मालकाला जे ठाऊक असतं ते इथे हात लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं होतं. मी चांगल्या मनाने चुकले हे खरं, पण न विचारता चुकले हेही खरं. मला आठ पटाश्यांची काळजी वाटली, मामा परत यायची वाट बघावीशी वाटली नाही.

तिसरी पटाशी चालू असताना मैत्रीण म्हणाली, "तू येडी आहेस का? बाजारात फर्निचरवाल्यांची लाइन आहे. चित्र दे, दोन दिवसांत मेज करून देतील. वरून पॉलिश तू मार. कुणाला कळतंय?"

मी नाही म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी त्या बाजारात गेले. हे मी तिलाही कधी सांगितलं नाही. एका दुकानासमोर उभी राहिले. आतला माणूस बाहेर आला, माझ्या वहीतलं चित्र बघितलं आणि म्हणाला, "होतंय की. पण हे जोडबीड कशाला ताई? चार स्क्रू मारतो, हत्ती बसला तरी तुटायचं न्हाई." मी त्याला समजावायला लागले की खिळा-स्क्रू नको, खाच अशी, जीभ अशी. समजावता समजावता लक्षात आलं की हे सगळं मला नीट सांगता येतंय, म्हणजे करता पण आलं पाहिजे. मी वही मिटली. "राहू द्या भाऊ," म्हटलं आणि चालत परत आले.

त्यानंतर मी दिवस मोजणं बंद केलं. आमच्या मार्गदर्शक मॅडमना जाऊन सांगितलं की तीन नाही, दोनच मेज होतील. एकात एक बसतात हे दाखवायला दोन पुरतात. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी मामांशी बोलू का? चार पटाश्या कर, उरलेल्या परीक्षेनंतर. ते माझं ऐकतील." मोह झाला. पण उरलेल्या चार तशाच भिंतीवर राहिल्या असत्या आणि आणखी कुणाचा ड्रॉवर तिरपा झाला असता. "नको मॅडम, आठही करते," मी म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग जा, बोलण्यात वेळ घालवू नको."

चौथीपासून हात बसला. किती दाबायचं ते बोटांना समजायला लागलं. पात्याचा आवाज बदलायचा, खरखर जाऊन सूं असा येऊ लागला की समजायचं आता शाई बघावी. पाचवी दीड दिवसात झाली. सातवीच्या पाठीत मला माझ्या कपाळावरची टिकली दिसली. अठराव्या दिवशी आठवी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती काचेवर ठेवली, टोक दाबलं. हलली नाही. उजेडाकडे धरली. मग पुढच्या उताराला धार कशी काढायची ते एका पटाशीवर दाखवलं आणि उरलेल्या सात माझ्याकडून करून घेतल्या. संध्याकाळी ड्रॉवर उघडून कार्ड दिलं.

"आता खाच पाड," म्हणाले. "साडेतीन हप्ते हायत. रडत बसू नको."

"मी कुठं रडले मामा?"

"बोटं बघ की तुझी. ती रडून राहिलीत."

आंब्याचं लाकूड होतं. पहिली खाच पाडली तेव्हा पटाशी सरळ खाली गेली आणि खाचेची भिंत कापलेल्या खव्यासारखी निघाली. त्या साडेतीन आठवड्यांत मी चोवीस खाचा पाडल्या. तीन बिघडल्या, त्या फळ्या पुन्हा केल्या. दुसरं मेज परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी जोडलं आणि पहिल्यावर ठेवलं. ते खाली सरकत जाऊन बसलं.

परीक्षक तिघे होते. आमच्या मॅडम, दुसऱ्या विभागाचे एक सर आणि पुण्याहून आलेले एक वयस्कर सर. मी सगळं पाठ करून गेले होते, पण पुण्याचे सर बोलू देत नव्हते. त्यांनी मेज उलटं केलं, जोडावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. दुसऱ्या जोडावरून फिरवलं. मग माझ्या कार्डाकडे, माझ्याकडे बघितलं.

"हे जोड बाहेर करून घेतलेत का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तसं असेल तर आत्ताच सांगा. तिसऱ्या वर्षात असं काम मी फारसं बघितलेलं नाही."

त्या दुकानासमोर मी उभी राहिले होते ते डोळ्यांपुढे आलं. क्षणभर वाटलं, यांना ते कुणी सांगितलं असेल का? मॅडम काही बोलायला पुढे झाल्या. मी त्यांच्या आधी बोलले.

"नाही सर. इथंच केलेत. परवानगी असेल तर करून दाखवते."

"आत्ता?"

"हो सर."

ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "दाखवा."

आंब्याचा एक उरलेला तुकडा शिकंज्यात आवळला. गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून चार रेघा मारल्या. भिंतीवरची मधली पटाशी आणि लाकडी मोगरी काढली. दारात मामा उभे होते, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते छताकडे बघत होते. पहिला ठोका हलका पडला. दुसऱ्यापासून हात माझा झाला. ढलप्या उडायला लागल्या. रेघेच्या आत थोडं सोडून मधलं लाकूड काढलं, मग पटाशीची पाठ खाचेच्या भिंतीला टेकवून सरळ खाली.

निम्म्यावर आले असेन तेव्हा पुण्याचे सर म्हणाले, "पुरे. समजलं मला."

"सर, अर्धी सोडली तर तुकडा वाया जातो," मी म्हटलं. मान वर केली नाही. "पाच मिनिटं द्या."

दुसरे सर खुर्ची ओढून बसले. मी चारही भिंती साफ केल्या, तळ सपाट केला, फुंकर मारून भुसा उडवला आणि आत गुण्या घातला. पुण्याच्या सरांनी तो माझ्या हातातून घेतला आणि एकेका भिंतीला स्वतः लावून बघितला. चौथ्या भिंतीला जरा वेळ धरून ठेवला.

"इथे केसभर फरक आहे," ते म्हणाले.

"हो सर. दिसतंय मला."

"मेजांमध्ये?"

"दोन खाचांत आहे. डाव्या पायाच्या. दाखवू का?"

"नको," ते म्हणाले. त्यांनी गुणपत्रिका माझ्याच बेंचवर, ढलप्यांमध्ये ठेवली, पेन काढलं आणि सही केली. आकडा मला उलटा दिसत होता. फार मोठा नव्हता, पास व्हायला हवा त्यापेक्षा बराच वर होता. मॅडमनी खाली सही केली. दुसऱ्या विभागाच्या सरांनी कागदावरचा भुसा झटकला आणि दाराकडे बघून म्हणाले, "पुढचं कोण?"

माझी मैत्रीण आपला दिवा घेऊन आत आली. बेंच तिला लागणार होता. मी शिकंजा सोडला, पटाशी पुसून भिंतीवर लावली आणि ढलप्या ओंजळीत गोळा करायला लागले.